वाट न पाहणारी भाजी

रोमचा पहिला बादशहा ऑगस्टस ह्याच्या तोंडीं एक शब्दप्रयोग नेहमीं असे, असें त्याचा चरित्रकार सुएटोनियस सांगतो. एखादें काम त्वरेनें उरकावयाचें असलें म्हणजे तें ॲस्परॅगस शिजावयास लागतो त्याहूनहि लवकर व्हावें, असें तो म्हणे. आपण अशा वेळीं 'चुटकीसरशी' म्हणतों, 'डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच' म्हणतों. पण अर्ध्या जगावर हुकमत चालविणाऱ्या बादशहास त्वरेची उपमा स्वयंपाकघरांतून घ्यावीशी वाटली, ही गोष्ट आम्हांस मननीय वाटते. तीवरून दोन गोष्टी उघड होतात. एक ही कीं, दोन हजार वर्षांपूर्वीं ही भाजी रोमन लोकांच्या चांगली परिचयाची होती. दुसरी ही कीं, ती फार वेळ शिजवावयाची नसते हें तेव्हांहि सर्वांस ठाऊक होतें. आज आमच्याकडे ही भाजी बाजारांत येऊं लागली आहे. पण तिच्याबरोबर यावयास हवें होतें तें हें दुसरें ज्ञान मात्र मागें राहिलें आहे.

ह्या महिन्यांत तिच्याविषयींच चार शब्द लिहावयाचें आम्हीं योजिलें आहे. निवृत्त मास्तरानें व्याकरण सोडून पळी हातांत घ्यावी ह्याचें कोणास हंसूं आल्यास त्यानें निषधाधिपति नल व विराटाच्या पाकशाळेंत बल्लव होऊन राहिलेला भीमसेन ह्यांचें स्मरण करावें. बाहुक ह्या नांवानें वावरणाऱ्या विरूप नलाची दमयंतीला खूण पटली, ती इतर गोष्टींबरोबर त्यानें शिजविलेल्या अन्नाच्या चवीवरून. ज्या देशांत उत्तम स्वयंपाकास 'नलपाक' म्हणतात, त्या देशांत पुरुषानें पाकशास्त्रावर लिहिणें हें धाडस नव्हे, परंपराच होय.

विषय निवडण्याचें कारण साधें आहे. आज आमच्या अनेक वाचकांचीं मुलें-मुली जर्मनींत, इंग्लंडांत किंवा अमेरिकेंत संसार थाटून आहेत. वसंत ऋतूंत आईबाप तिकडे जातात, तों घरोघर ह्या कोंबांच्या जुड्या दिसतात. इकडे पुण्या-मुंबईच्या मोठ्या भाजीबाजारांतहि, जेथें ब्रोकोली, झुकिनी वगैरे मंडळी ऐटींत बसलेली असते, तेथें ही जुडी आढळते. कौतुकानें ती घरीं येते. मग प्रश्न पडतो, 'आणली तर खरी, आतां हिचें करावयाचें काय?' बहुतेक ठिकाणीं उत्तर ठरलेलें असतें. बारीक चिरावयाची, हिंग-मोहरीची फोडणी द्यावयाची, वर झांकण ठेवून वीस मिनिटें वाफ आणावयाची. झांकण काढावें तों आंत काळपट दोरे! मंडळी एक घास घेतात, 'विलायती भाज्यांना चव म्हणून नसते' असा निकाल देतात, आणि जुडीचे पैसे पाण्यांत जातात. दोष भाजीचा नसतो. दोष त्या वीस मिनिटांचा असतो.

आधीं नांवाचा घोटाळा दूर करूं. बाजारांत हिला सर्रास 'शतावरी' म्हणतात. अमरकोशांत शतावरीस शतमूली, बहुसुता, अभीरु अशीं नांवें आहेत. शतमूली म्हणजे जिला शंभर मुळें आहेत ती. आणि खरोखरच आपल्या शतावरीचें सारें महत्त्व त्या मुळांच्या झुबक्यांत आहे. ती कांटेरी वेल असून सह्याद्रीच्या जंगलांत आपोआप उगवते, आणि तिच्या मुळ्यांचा कल्प बाळंतिणीस देण्याची चाल घरोघर आहे. विलायती ॲस्परॅगस ही त्याच कुळांतील, पण निराळ्या जातीची वनस्पति होय. तिला कांटे नाहींत, ती वेलीसारखी चढत नाहीं, आणि तिचें खावयाचें तें मूळ नव्हे, तर जमिनींतून नुकताच वर आलेला कोवळा कोंब. म्हणजे दोघी बहिणी खऱ्या, पण एक नव्हेत. तेव्हां कल्पाचे गुण जुडींत शोधूं नयेत, आणि जुडी औषध म्हणून कोणाच्या पानांत वाढूं नये. अन्न म्हणून ती चांगली आहे, एवढें पुरे. आमच्या विज्ञानप्रेमी वाचकांसाठीं एक गोष्ट जातां जातां सांगून ठेवतों. प्रथिनें ज्या घटकांचीं बनलेलीं असतात, त्यांस ॲमिनो आम्लें म्हणतात. त्यांतील सर्वांत प्रथम वेगळें काढलें गेलेलें आम्ल ह्याच कोंबांच्या रसांतून, १८०६ सालीं, व्होकेलँ व रोबिके ह्या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनीं काढलें. म्हणूनच त्याचें नांव ॲस्परॅजिन.

आतां हिची शेती पाहा. रोमन ग्रंथकार केटो ह्यानें आपल्या कृषिविषयक ग्रंथांत, म्हणजे ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांत, हिच्या लागवडीची पद्धति तपशीलवार दिली आहे. लागवड केल्यापासून पहिलीं दोन वर्षें शेतकऱ्यानें कोंबांस हात लावावयाचा नसतो. ते वाढूं द्यावयाचे, त्यांचीं पिसाऱ्यासारखीं झुडुपें होऊं द्यावयाचीं, म्हणजे मुळांत अन्नाचा सांठा होतो. तिसऱ्या वर्षापासून खरी तोड सुरू होते, आणि मग तीच मुळें दहा-पंधरा वर्षें कोंब देत राहतात. पण दर वर्षीं तोडीला मर्यादा असतेच. जर्मनींत २४ जून हा संत योहानचा दिवस आला म्हणजे परंपरेनें तोड बंद होते. त्यापुढें कोंब तोडले, तर मुळांस पुढील वर्षासाठीं कांहींच उरत नाहीं. ह्याच देशांत श्वेट्झिंगेन व बेलिट्झ हीं गांवें ह्या भाजीसाठीं प्रसिद्ध आहेत, आणि तेथें पांढऱ्या कोंबांचें कौतुक अधिक. पांढरी जात वेगळी असते असें मात्र समजूं नये. वाफ्यावर मातीचा उंच वरंबा घालून कोंबास उजेड दिसूं दिला नाहीं, म्हणजे त्यांत हिरवा रंग भरत नाहीं, एवढेंच. तीन वर्षांचें धैर्य आणि चार मिनिटांचें शिजणें, असा हा व्यवहार आहे. आधीं कोणी तरी इतकी वाट पाहिलेली असते, म्हणून शेवटीं भाजी वाट पाहात नाहीं.

आणि ती खरोखरच वाट पाहात नाहीं. कापलेला कोंब मेलेला नसतो. तो श्वसन करीतच असतो, आणि तेंहि इतर बहुतेक भाज्यांहून जोरानें. ह्या श्वसनांत त्याच्या अंगची साखर जळून जाते, आणि कापल्या टोंकाकडून वर वर त्याचे तंतु लांकडासारखे कठीण होत जातात. म्हणून जुडी घेतांना शेंडे मिटलेले व घट्ट आहेत ना, बुडखे सुकून भेगाळलेले नाहींत ना, आणि दोन कोंब एकमेकांवर घांसले असतां करकर वाजतात ना, हें पाहावें. घरीं आणल्यावर पेल्यांत दोन बोटें पाणी घेऊन जुडी फुलांसारखी उभी ठेवावी, वर ओलें फडकें टाकावें, आणि पेला फ्रिजमध्यें ठेवावा. असें केलें तर दोन दिवस निभतात. पण आणलेल्या दिवशींच खाणें उत्तम.

ह्या कोंबांबरोबर घ्यावयाचा रस्सा, ज्यास तिकडे सॉस म्हणतात, त्याची कथाहि जुनी आहे. ला व्हारेन ह्या फ्रेंच पाकशास्त्र्याचा प्रसिद्ध ग्रंथ १६५१ सालीं निघाला. त्यांत ह्या कोंबांसाठीं ताजें लोणी, थोडा शिरका, मीठ व जायफळ ह्यांचा सॉस सांगितला असून तो दाट होण्यासाठीं अंड्याचा बलक घालावयास सांगितलें आहे. आज ज्यास हॉलंडेज म्हणतात त्या सॉसचा हा पूर्वजच समजावा. बलकाचें वावडें ज्या घरांस आहे, त्यांनीं हिरमुसण्याचें कारण नाहीं. दूध, लोणी व पीठ ह्यांचा पांढरा सॉस तितकाच जुना, तितकाच मानाचा, आणि आमच्या दुभत्याच्या घरांस अधिक जवळचा आहे.

ह्या सॉसवरून एक गोष्ट सांगतात. फोंतनेल हा फ्रेंच विद्वान १६५७ सालीं जन्मला व १७५७ सालीं, शंभरी गांठावयास महिना उरला असतां, वारला. त्यास हे कोंब तेलाबरोबर प्रिय. एके दिवशीं त्याचा एक मित्र जेवावयास आला, त्यास पांढरा सॉस प्रिय. तडजोड अशी ठरली कीं, अर्धे कोंब तेलाचे व अर्धे सॉसचे करावे. तेवढ्यांत मित्रास झटका येऊन तो तेथेंच कोसळला. फोंतनेल उठला तो स्वयंपाकघराच्या दाराशीं धांवला आणि ओरडला, 'आतां सगळे तेलाचे!' गोष्ट खरी असेल वा रचलेली असेल. पण खाणाराचें लक्ष आपल्याच पानावर किती खिळलेलें असतें, ह्याचें इतकें चोख चित्र आम्हीं दुसरें पाहिलें नाहीं. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडेल.

आतां प्रत्यक्ष कृति. चार माणसांस तोंडीं लावण्यापुरते हिरवे कोंब अर्धा किलो घ्यावे. सॉससाठीं लोणी दोन मोठे चमचे, मैदा दीड मोठा चमचा, दूध एक वाटी भरून म्हणजे सुमारें २५० मिलिलिटर, घोटलेली ताजी साय दोन मोठे चमचे, मोहरीची पूड पाव चमचा, मिऱ्याची पूड चिमूटभर, जायफळ किसून किंचित्, मीठ चवीपुरतें, आणि लिंबाचा रस अर्धा चमचा. कांदा-लसूण लागत नाहीं.

कोंब भरपूर पाण्यांत बुडवून धुवावे, कारण शेंड्याच्या खवल्यांत रेती लपलेली असते. मग प्रत्येक कोंब दोन्ही हातांनीं धरून बुडख्याकडे वांकवावा. जेथें तो कट्‌कन तुटेल तेथें कोवळेपणाची हद्द समजावी. खालचा निबर तुकडा टाकूं नये, तो सारासाठीं उकळावयास चालतो. कोंब जाड असल्यास खालच्या तिसऱ्या हिश्श्याची साल सोलावी. पांढरा कोंब असेल तर शेंड्याखालीं सगळा सोलावा लागतो व त्यास वेळहि अधिक, म्हणजे दहा-पंधरा मिनिटें, द्यावा लागतो.

एका शेगडीवर पसरट पातेल्यांत मिठाचें पाणी उकळत ठेवावें. दुसरीवर मंद आंचेनें लोणी वितळवून त्यांत मैदा घालावा व एक-दोन मिनिटें परतावा. कच्चट वास जावा, पण रंग बदलूं नये. पातेली खालीं उतरवून दूध थोडें थोडें घालीत ढवळावें, पुन्हां आंचेवर ठेवून चार-पांच मिनिटें रटरटूं द्यावें. पळीच्या पाठीवर पातळ लेप बसूं लागला म्हणजे साय, मोहरीपूड, मिरें, जायफळ व मीठ घालावें, आणि विस्तव बंद करून मग लिंबू पिळावें. हा सॉस झांकून बाजूस ठेवला तरी दहा मिनिटें बिघडत नाहीं. घट्ट झाला तर दुधाचा एक हबका मारावा.

सॉस तयार झाल्यावर, आणि त्यानंतरच, कोंब उकळत्या पाण्यांत सोडावे. पेन्सिलीएवढ्या जाडीचे असतील तर तीन ते चार मिनिटें, अंगठ्याएवढे असतील तर पांच ते सहा. झांकण ठेवूं नये. सुरीचें टोंक थोड्या अटकावानें आंत गेलें म्हणजे झालें. ते लगेच काढून स्वच्छ पंचावर निथळत ठेवावे, कारण अंगावर पाणी राहिलें तर सॉस पाणचट होतो. मग थाळींत एका दिशेनें मांडून सॉस बुडख्यांच्या बाजूवर ओतावा. हिरवे शेंडे उघडे राहूं द्यावे. सर्व मिळून पाव तास लागतो.

ह्या कृतींतील प्रत्येक पायरीस कारण आहे, आणि तें आमच्या गृहिणींस नवें नाहीं. पिठल्याचें पीठ आपण थंड पाण्यांत कालवून घेतों, तें कां? कोरडें पीठ एकदम उकळत्या पाण्यांत पडलें, तर बाहेरचे कण फुगून आंतल्या कोरड्या पिठाभोंवतीं भिंत उभारतात, त्याचीच गुठळी होते. येथें कण लोण्यानें वेगवेगळे केले जातात, युक्ति तीच. कढीस डाळीचें पीठ लावतों तें ताक फाटूं नये म्हणून. त्याच न्यायानें मैद्यानें बांधलेलें दूध थोडें लिंबू सोसतें. पीठ नको असेल त्यांनीं शंभर मिलिलिटर बाजारी क्रीम दोन मिनिटें उकळून मोहरीपूड व मीठ घालावें, तोहि सॉस चालतो. क्रीममध्यें स्निग्धांश भरपूर असल्यामुळें तें आंबटानें सहसा फाटत नाहीं. राहिली झांकणाची गोष्ट. हिरव्या रंगाच्या द्रव्यांत मॅग्नेशियम असतें. उष्णता व आम्ल ह्यांच्या योगानें तें निघून गेलें म्हणजे हिरवा रंग काळपट होतो. भाजीच्या अंगचें कांहीं आम्ल वाफेबरोबर निघून जातें. झांकण ठेवलें तर तें तेथेंच कोंडतें. रंग राखण्यासाठीं कोणी खाण्याचा सोडा टाकतात; त्यानें रंग राहतो, पण कोंबाचा लगदा होतो. थोडा वेळ शिजविणें हाच खरा उपाय.

खावयाची रीतहि सांगतों. इंग्लंडांत हे कोंब बोटांनीं उचलून खाण्याची जुनी चाल आहे. शेवग्याच्या शेंगेवर वाढलेल्या बोटांस ती शिकवावी लागणार नाहीं. आमच्या पानांत ह्याची जागा कोठें? डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी. आम्ही तर डावीकडेच वाढावें म्हणतों. गरम घडीच्या पोळीशीं, उकडलेल्या बटाट्यांशीं किंवा भाजलेल्या पावाशीं हें तोंडीं लावणें उत्तम लागतें. आमटीशीं त्याचें जमत नाहीं. खाल्ल्यावर लघवीस एक चमत्कारिक वास येतो, त्यास भिऊं नये. कोंबांतील एका गंधकयुक्त आम्लाचा तो परिणाम असून त्यांत अपाय कांहीं नाहीं.

येथपर्यंत पाकशास्त्र झालें. आतां ज्यासाठीं आम्हीं लेखणी उचलली ती गोष्ट.

वर आम्हीं लिहिलें कीं, सॉस तयार झाल्यानंतरच कोंब पाण्यांत सोडावे. तें वाक्य अपुरें आहे. सॉस तयार झाला, पानें मांडलीं, पाणी भरलें, आणि जेवणारीं माणसें येऊन बसलीं, त्यानंतर कोंब पाण्यांत सोडावे. निथळलेला कोंब थाळींत दहा मिनिटें राहिला तर आपल्याच उष्णतेनें शिजत राहतो, सुरकुततो, आणि सॉसवर साय धरते. 'आलों, आलों' असें म्हणत वर्तमानपत्राचें शेवटचें पान संपविणारा गृहस्थ, किंवा मोबाइल हातांतून न सोडणारा चिरंजीव, ह्यांच्यासाठीं ही भाजी थांबत नाहीं. इतकें सर्वांस पटेल. पण ह्याच न्यायाचें पुढचें पाऊल टाकावयास आम्ही बिचकतों. ही भाजी जर दहा मिनिटांत बिघडते, तर जी बाई ती करते, सर्वांस वाढते, 'आणखी घ्या' म्हणते, आणि मंडळी उठल्यावर मग आपलें पान घेते, तिच्या वांट्यास काय येतें? निवलेले, सुरकुतलेले दोन कोंब, आणि पातेल्याच्या कडेस चिकटलेला सॉस. म्हणजे चव चांगली साधली कीं नाहीं, हें त्या घरांत एकटीलाच कधीं कळत नाहीं!

आमटीभाताच्या जेवणांत हा अन्याय झांकून जातो. वरण पुन्हां ऊन करतां येतें, भाजी मुरली म्हणजे बरी लागते, असें म्हणावयास जागा असते. ही भाजी ती जागा ठेवीत नाहीं, म्हणून आम्हांस ती आवडते. फोंतनेलच्या कठोरपणास आपण हंसतों. पण ज्या पंक्तींत वाढणारीच्या पानाची कोणास आठवण नाहीं, त्या पंक्तींत प्रत्येकजण थोडा थोडा फोंतनेलच असतो.

'पण आमच्याकडे रीतच आहे, शास्त्रच आहे' असें कोणी वडीलधारे म्हणतील. शास्त्राचें नांव निघालें म्हणून शास्त्रच उघडूं. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत गृहस्थाच्या घरीं कोणीं आधीं व कोणीं मागून जेवावें हें सांगितलें आहे. नवी सून, कुमारिका, आजारी माणसें व गर्भिणी ह्यांस अतिथींच्याहि आधीं, मनांत किंतु न आणतां, जेवूं घालावें असें तेथें आहे. नंतर अतिथि, मग घरचे आश्रित व नोकरचाकर. आणि सर्वांच्या शेवटीं जें उरेल तें कोणीं खावें? तेथें कर्ता आहे 'दंपती' आणि क्रियापद आहे द्विवचनीं. आम्हीं जन्मभर मुलांस द्विवचन पाठ करविलें. मराठींत तें नाहीं म्हणून मुलें कुरकुरत. पण मराठींत तें नाहीं ह्याचा परिणाम केवळ व्याकरणापुरता राहिला नसावा असें कधीं कधीं वाटतें. शास्त्रानें शेवटीं जेवावयास दोघांस सांगितलें. आम्ही त्यांतला एक पहिल्या पंक्तीस नेऊन बसविला, आणि दुसरीस शास्त्राच्या नांवानें शेवटीं एकटी ठेविली.

चौथ्या अध्यायांत पत्नीबरोबर जेवूं नये असेंहि एक वचन आहे. तें आम्ही लपवीत नाहीं. लपविलें तर ज्यांनीं आम्हांस संस्कृत शिकविलें त्यांशीं तो द्रोह होईल. परंतु तिनें निवलेलें खावें असें त्या वचनांतहि नाहीं. आणि आज बहुतेक घरांत टेबलाभोंवतीं सर्व कुटुंब एकत्र बसतें, तेथें त्या वचनाची मोडतोड आपण केव्हांच करून बसलों आहों. पुरुषांच्या सोयीसाठीं जें वचन सोडलें, तेंच गृहिणीच्या ऊन घासासाठीं आठवावें, हा प्रामाणिकपणा नव्हे.

वाटणीचीहि एक गोष्ट सांगतों. माने ह्या फ्रेंच चित्रकारानें १८८० सालीं ह्या कोंबांच्या जुडीचें एक चित्र काढलें व शार्ल एफ्रुसी नांवाच्या रसिकास आठशें फ्रँकांस विकलें. एफ्रुसीनें उदारपणें हजार फ्रँक पाठविले. तेव्हां मानेनें एकाच कोंबाचें आणखी एक लहानसें चित्र काढून त्यास पाठविलें, आणि तुमच्या जुडींत हा एक कमी पडला होता, असें लिहून कळविलें. जुडीचें चित्र आज कोलोनच्या संग्रहालयांत आहे, आणि तो एकटा कोंब पॅरिसच्या ओर्से संग्रहालयांत. चित्रकारानें हिशेब बरोबर केला. आमच्या घरांतहि थाळी फिरूं लागण्यापूर्वीं तसाच हिशेब व्हावा. कोंब मोजावे, माणसें मोजावीं, आणि माणसें मोजतांना शेगडीजवळ उभी असलेली व्यक्ति आधीं मोजावी.

व्यवहारांत हें अवघड नाहीं. पोळ्या आधीं करून डब्यांत ठेवाव्या. सॉस आधीं करावा. पाणी उकळत असतां घरांतील कोणी तरी, आणि तें पुरुष असल्यास अधिक चांगलें, पानें मांडावीं. सर्व बसले म्हणजे घड्याळाकडे पाहून एकानें कोंब सोडावे व चार मिनिटांनीं काढावे. ह्या कामास पाककौशल्य लागत नाहीं, केवळ घड्याळ वाचतां यावें लागतें, आणि तें आम्हीं पुष्कळांस शिकविलें आहे. थाळी मध्यें ठेवावी, ज्याचें त्यानें घ्यावें. पहिला ऊन कोंब मात्र जिनें सॉस ढवळला तिच्या पानांत पडावा, आणि तिनें घास घेऊन 'मीठ बरोबर आहे' असें म्हटल्यावर मग इतरांनीं हात लावावा.